हॅमवर बुरशी दिसली? तेवढीच कापून उरलेलं खाऊ नका

उघडलेल्या पाकिटातल्या हॅमच्या कडेला हिरवट-काळी लव दिसली की तेवढा भाग कापून उरलेलं खरपूस तळून घ्यायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. मऊ, ओलसर मांसात बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असू शकतात. शिवाय ऑक्राटॉक्सिन-ए सारखं बुरशीचं विष नेहमीच्या शिजवण्या-तळण्याने पुरतं नष्ट होत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने मूत्रपिंडं खराब झाली, कर्करोगही झाला. हुंगूनही बघू नका, बीजाणू नाकात जातात. सरळ पिशवीत बांधून फेका. अख्ख्या सुकवलेल्या सलामीवरचा पांढरा थर मात्र बहुधा मुद्दाम वाढवलेल्या बुरशीचा असतो. कापलेलं मांस 4 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा आणि पाकीट उघडल्यावर 3 ते 5 दिवसांत संपवा.