पाण्याला मातकट वास येतोय? आधी तीन बाटल्या भरा

पाण्याला ओल्या मातीसारखा किंवा बंद खोलीसारखा कुबट वास आला की बरेच जण आधी टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) शोधतात. वास कुठे धरतोय हे कळल्याशिवाय ती वाया जाते.

काचेच्या तीन बाटल्या गरम पाण्याने विसळा, साबण नको. एकीत थेट नळाचं पाणी घ्या, दुसरीत हौदातलं, तिसरीत गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघरात येणारं. अर्ध्याच भरा, बूच लावा, कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा. मग हलवून, बूच काढून लगेच हुंगा. गार पाण्यात वास दबतो, त्यामुळे फ्रीजच्या पाण्यावरून काही ठरवू नका.

थेट नळाच्या बाटलीतच वास असेल तर दोष घरात नाही. नाथसागरासारख्या (पैठणच्या जायकवाडीचा जलाशय) पसरट धरणात उन्हाळ्यात पाणी उतरतं, तापतं आणि निळं-हिरवं शेवाळ फोफावतं. हे शेवाळ आणि स्ट्रेप्टोमायसिससारखे मातीतले जिवाणू जिओस्मिन आणि एमआयबी ही मातकट, कुबट वासाची द्रव्यं तयार करतात. पहिल्या पावसाचा मृद्गंधही जिओस्मिनचाच. तिथे हवासा वाटतो, पेल्यात नाही. लिटरमागे १० नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग दहा वेळा, एवढंही बऱ्याच नाकांना कळतं. एवढ्याने अपाय होत नाही.

तुरटीने गाळ बसतो, विरघळलेला वास नाही. क्लोरीनने तो फारसा तुटत नाही. उलट शेवाळाच्या पेशी फुटून आतलं जिओस्मिन बाहेर येतं. जलशुद्धीकरण केंद्रावर पावडर ॲक्टिव्हेटेड कार्बन (वास शोषणाऱ्या खास कोळशाची भुकटी) टाकावा लागतो, तोही क्लोरीनच्या आधी, कारण क्लोरीनने कार्बनची ताकद जाते. घरी कार्बनचा फिल्टर चालतो, पण कार्ट्रिज वेळेवर बदला. जुन्या कार्बनवर जिवाणूच घर करतात.

साठ्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय आली असेल तर ते पाणी पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका. काही शेवाळांचं विष उकळूनही जात नाही.

वास हौदात किंवा टाकीतच धरत असेल तर काम सोपं. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरात पाणी साठवावंच लागतं, आणि तळाच्या गाळावर व भिंतींच्या बुळबुळीत थरावर जिवाणू वाढतात. झाकण उघडं असेल किंवा टाकी उजेड आत सोडत असेल तर शेवाळही धरतं. टाकी रिकामी करा, गाळ काढा, ब्रशने घासा. १००० लिटर पाणी भरून, ३३ टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल पावडर १५० ग्रॅम बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच टाकीत ओता. सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पूर्ण उपसा. ते पाणी पिऊ नका. पावडर संडासच्या ॲसिडजवळ नेऊ नका, विषारी वायू सुटतो. पुन्हा भरल्यावर क्लोरोस्कोपवर (पाण्यातला क्लोरीन मोजायचं साधन) ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन दिसायला हवा.

बोअरच्या पाण्याला कुबट वास आणि बादलीला तांबूस, चिकट थर असेल तर ते लोह-जिवाणू. साडेसहा इंची बोअरमध्ये फुटामागे साधारण ६.५ लिटर पाणी असतं. २०० फूट पाणी उभं असेल तर ४०० ग्रॅम पावडरची निवळी सोडा, १२ तासांनी उपसा करा. दोन-तीन महिन्यांत वास परत आला तर थर मोटर आणि पाइपवर बसलाय. मोटर वर काढून घासल्याशिवाय तो सुटणार नाही.