पेरूचं झाड: कात्री कुठे लावायची, शेजारी काय लावायचं आणि जेली कधी उतरवायची

परसात पेरू लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. झाड छपराच्या वर गेलं, पानं भरपूर, फळं मात्र पार शेंड्याला, तीही पाखरांनी टोचलेली नाहीतर आतून अळ्या पडलेली. त्यावर सल्लेही ठरलेलेच: खत वाढवा, बुंध्याशी मीठ टाका, खोडात खिळा ठोका. यातलं काहीही करू नका. पेरूला हाताशी येणारी, गोड फळं हवी असतील तर झाड छाटावं लागतं. खत, पाणी, सोबतीची रोपं हे सगळं त्यानंतर.

लागवड

दिवसभर ऊन, पाणी साचणार नाही अशी जागा, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मातीत चांगलं कुजलेलं शेणखत. एवढं पुरतं. मातीच्या बाबतीत पेरू हट्टी नाही, ४.५ ते ८.२ सामूच्या (पीएच, म्हणजे मातीचा आंबटपणा-खारेपणा मोजणारा आकडा) मातीत तो वाढतो. बियांचं रोप मात्र घेऊ नका. ते फळाला उशिरा येतं आणि फळ मूळ झाडासारखं निघेल याची खात्री नसते. कलमी रोप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरतं.

रोप विकत घेताना पिशवी अलगद उतरवून मुळं बघा. विकणारा कुरकुरला तरी बघा. मुळांवर बारीकमोठ्या गाठी असतील तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींच्या, आहेत, आणि असं रोप फुकट मिळालं तरी घरी आणू नका. सूत्रकृमी एकदा मातीत शिरले की त्यांना पुरतं घालवता येत नाही.

छाटणी

माझी सगळ्यात जास्त वर्षं याच पायरीवर गेली, म्हणून इथे सविस्तर सांगते.

पेरूचं फूल नव्या फुटीवरच येतं. जुन्या, तपकिरी, गोल फांदीतून थेट फळ लागत नाही. त्या फांदीला आधी कोवळी फूट यावी लागते आणि त्या फुटीच्या पानांच्या बगलेत कळी धरते. नवी फूट ओळखणं सोपं आहे. कोवळी काडी दोन बोटांत धरून फिरवा, तिला चार कडा लागतात. काडी जून झाली की त्या कडा जाऊन ती गोल होते. न छाटलेल्या झाडाची नवी फूट दरवर्षी आणखी वर सरकत जाते, म्हणून फळंही वर जातात. तुम्ही खत घालत राहिलात तर ती जास्त वेगाने वर जातात, एवढंच.

पहिली कात्री रोप लहान असतानाच लावायची. रोप कमरेच्या वर गेलं की जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर शेंडा कापा. इथे जीव घाबरतो, कारण नुकतंच धरलेलं झाड अर्धं होतं. कापाच. खालून फुटवे येतील. त्यातले चार दिशांना जाणारे तीन-चार ठेवायचे आणि बाकीचे बोटाने खुडायचे. ठेवलेले फुटवे एकाच जागेतून निघालेले नकोत, त्यांच्यात वीतभर अंतर हवं. नाहीतर पुढे फळांच्या भाराने खोड तिथेच चिरतं. हे फुटवे ४०-५० सेंटिमीटर लांब झाले की तेही निम्म्यावर कापायचे. अशा दोन-तीन छाटण्यांत बुटकं, पसरट झाड तयार होतं. त्याचं फळ जमिनीवर उभं राहून तोडता येतं.

फळावर आलेल्या झाडाची छाटणी कधी करायची, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये शोधू नका. फळ कधी हवंय ते आधी ठरवा आणि तिथून उलटे मोजा. छाटल्यावर फूट येऊन कळ्या दिसायला महिना-दोन महिने लागतात, फुलापासून फळ पिकायला चार ते पाच महिने. म्हणजे छाटणीपासून तोडणीपर्यंत सहा-सात महिने धरा. ऐन पावसात पिकणारं फळ पाणचट होतं आणि फळमाशीला आयतं सापडतं. कोरड्या, गार हवेत पिकलेलं फळ गोड आणि घट्ट असतं. त्याच दिवसांत तोडणी येईल अशी छाटणी करा. बहार धरणं म्हणतात ते हेच.

कापायचं कसं? आधी मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या बुडातून काढा. खोडावरून सरळ वर धावणारे जाड, रसरशीत पाणफुटवेही काढा. मग उरलेल्या फांद्यांच्या गेल्या हंगामातल्या काड्या निम्म्यापर्यंत, एका डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या कोंबाच्या) वर बोटाच्या पेराएवढं अंतर सोडून, धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) एका झटक्यात कापा. कुंपणाची मेंदी कापतात तसं चारी बाजूंनी नुसते शेंडे मारत सुटू नका. त्याने बाहेर पानांची भिंत होते, आत अंधार पडतो आणि आतल्या काड्या वाळतात. छाटणी झाल्यावर झाडाखाली उभं राहून वर बघा. पानांतून आभाळाचे तुकडे दिसत नसतील तर अजून कापायचं राहिलं आहे.

दोन गोष्टी बजावून सांगते. पाऊस चालू असताना छाटू नका, ओल्या जखमेतून रोग शिरतो. आणि जुनं, उंच गेलेलं झाड खाली आणताना बरीच पानं एकदम गेली तर सावलीत वाढलेल्या खोडावर कडक ऊन पडून साल भाजते. तेव्हा उघड्या पडलेल्या फांद्यांना चुन्याचा हात द्या. खोडाची जुनी साल पापुद्र्यांनी सुटताना दिसली तर औषध शोधायला धावू नका, पेरूची साल तशीच सुटते.

छाटणीनंतर पाणी आणि खत द्या. थोड्या दिवसांत कापाखालच्या डोळ्यांतून फूट निघेल, आणि तिसऱ्या-चौथ्या पानाच्या जोडीशी वाटाण्याएवढी हिरवी कळी दिसेल. फूट वीतभराच्या पुढे गेली आणि तरी कळी नाही, तर तिचा शेंडा खुडा. एका जागी दोन-तीन कळ्या असतील तर फळ धरल्यावर एकच ठेवा. कात्री लावायला अगदीच मन धजत नसेल तर लवचीक फांद्या दोरीने आडव्या ओढून बांधा. आडव्या फांदीवरचे झोपलेले डोळे फुटतात आणि त्यांवरही कळी येते. माझं मत विचाराल तर कात्रीच बरी.

शेजारी काय लावायचं

सोबतीच्या रोपांबद्दल जेवढं ऐकाल त्यातलं निम्मं सोडून द्या. पेरूची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीत असतात. त्यामुळे बुंध्याशी काहीही लावलं तरी ते आधी पेरूच्या ताटातलं खातं. पहिली दोन वर्षं बुंध्याभोवती हात-दीड हात जागा मोकळी ठेवा आणि तिथे पालापाचोळ्याचं चार बोटं जाड आच्छादन घाला. आच्छादन खोडाला टेकू देऊ नका, वीतभर लांब ठेवा. पेरूचा सगळ्यात वाईट शेजारी म्हणजे गवत. लहान रोपाच्या आळ्यात ते वाढू देऊ नका.

त्या मोकळ्या जागेबाहेर चवळी उत्तम. तिच्या मुळांवरचे जिवाणू हवेतला नत्र बांधतात, आणि शेंगा संपल्या की वेल कापून तिथेच आच्छादनात टाकता येतो. मुळं उपटू नका, कुजू द्या. मात्र चवळीलाही सूत्रकृमी लागतात. एखादं रोप उपटून बघा: नत्राच्या गाठी मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात, फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही. तशा गाठी दिसल्या तर चवळी, वांगं, टोमॅटो, भेंडी यांतलं काहीही तिथे लावू नका.

अशा मातीत झेंडू लावा. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना मारक असतात. पण शोभेसाठी कोपऱ्यात लावलेल्या दोन झेंडूंनी काही होत नाही; सगळा वाफा दाट भरून तो काही महिने उभा राहायला हवा. पेरू लावण्याआधीच्या हंगामात केलंत तर सर्वांत चांगलं.

हळद आणि आलं अर्ध्या सावलीत छान येतात, म्हणून लोक ती झाडाखाली लावतात. काढताना कुदळ चालवावी लागते आणि पेरूची वरवरची मुळं तुटतात, हे कुणी सांगत नाही. ती फांद्यांच्या घेराबाहेर लावा.

आणि तुळस. ‘तुळशीच्या वासाने फळमाशी पळते’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. तुळशीत मिथाइल युजेनॉल असतं, आणि फळमाशीच्या नरांना पकडायच्या सापळ्यात हेच द्रव्य आमिष म्हणून वापरतात. तुळस जरूर लावा, पण पेरूपासून लांब.

पेरू स्वतः मात्र दुसऱ्याचा चांगला सोबती ठरू शकतो. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या लक्षात आलं की पेरूच्या संगतीतल्या लिंबूवर्गीय झाडांवर सिट्रस सिला ही कीड कमी येते. पुढे शास्त्रज्ञांनी पेरूच्या पानांतून सुटणाऱ्या गंधकयुक्त वासाचा त्या अंगाने अभ्यास केला. जागा असेल तर लिंबाशेजारी पेरू लावून बघायला हरकत नाही.

फळ वाचवणं

फळ लिंबाएवढं झालं की कागदी किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी बांधा, देठाशी घट्ट. माशी सालीखाली अंडी घालून गेल्यावर बांधलेल्या पिशवीचा काही उपयोग नाही. खाली पडलेली फळं रोज उचला आणि खतखड्ड्यात टाकू नका; अळ्या फळातून बाहेर पडून मातीतच कोष करतात. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ती उन्हात ठेवा.

जेली

निव्वळ पिकलेल्या पेरूंची जेली जमत नाही, कारण फळ पिकतं तसं जेली धरणारं पेक्टिन कमी होतं. तीन भाग तयार पण घट्ट फळं, एक भाग पिकलेली, असं घ्या. सालीसकट चकत्या करा, जेमतेम बुडतील एवढं पाणी घालून अर्धा तास मंद शिजवा आणि कापडात बांधून रात्रभर टांगा. पिळू नका. पिळलेल्या रसाची जेली गढूळ होते.

एका वाटी रसाला पाऊण वाटी साखर आणि चमचाभर लिंबाचा रस. एका वेळी चार वाट्यांहून जास्त रस घेऊ नका. मोठा घाणा आटायला वेळ लावतो आणि तेवढ्या उकळण्यात पेक्टिन मोडतं. साखर विरघळली की आच मोठी करा. थर्मामीटर असेल तर पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या साडेचार अंश वर, म्हणजे समुद्रसपाटीला साधारण १०४ ते १०५ अंश सेल्सिअसला, गॅस बंद. नसेल तर डाव बुडवून आडवा धरा. आधी थेंब सुटे पडतात. मग दोन थेंब कडेला एकत्र येऊन पडद्यासारखे लोंबतात आणि एकदम तुटून पडतात. तेव्हा लगेच उतरवा. आणखी दोन मिनिटं ठेवलंत तर जेली चिवट होते.

कापडातला गर फेकू नका. चाळणीवर घासून बिया काढा, गराच्या पाऊणपट साखर घाला आणि गोळा कढईची कड सोडेपर्यंत आटवा. हा गर आटताना उडतो आणि चटका जबर बसतो, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्या. तुपाचा हात फिरवलेल्या ताटात थापा आणि पूर्ण गार झाल्यावरच वड्या पाडा. कोमट असताना सुरी लावली तर कडा ओघळतात.