‘प्ल्यू’ की ‘प्ल्यूस’? मॉन्ट्रियलला नव्याने आलेल्यांसाठी

आम्हाला इथे येऊन जेमतेम चार महिने झाले होते. सकाळी मुलाच्या गार्दरीतून (म्हणजे पाळणाघरातून) फोन आला की त्याला ताप आहे. मी ऑफिसमधून निघायच्या तयारीतच होते, तेवढ्यात दुसरा फोन. बाई म्हणाल्या, ‘इल आ प्ल्यू द फिएव्र.’ ‘फिएव्र’ म्हणजे ताप आणि ‘प्ल्यू’ म्हणजे अधिक, एवढं फ्रेंच मला येत होतं. छातीत धस्स झालं. मेट्रोचा विचार सोडून टॅक्सी केली. पोचले तर चिरंजीव ठोकळ्यांचा मनोरा रचत बसलेले. ताप उतरलाय, सावकाश या, असं सांगायला बाईंनी फोन केला होता.

आपली गोची होते ती हा शब्द (लिहायला दोन्ही अर्थी एकच, plus) ओळखीचा वाटतो म्हणून. गणितात प्लस, बॅटरीवर प्लस, स्थळ बघताना ‘मुलाचा प्लस पॉइंट’. इंग्रजीत तो कुठेही गेला तरी भरच घालतो. फ्रेंचमध्ये तो भर घालतो आणि ‘आता नाही, संपलं’ असंही सांगतो.

असं का, ते एकदा कळलं की राग कमी येतो. मूळ लॅटिनमध्ये अर्थ ‘अधिक’ एवढाच. फ्रेंचमध्ये नकारासाठी ‘न’ आणि ‘प्ल्यू’ अशी जोडी झाली: याहून अधिक नाही, म्हणजे आता नाही. पुढे बोलण्याच्या ओघात तो ‘न’ गळाला आणि नकाराचं सगळं ओझं बिचाऱ्या ‘प्ल्यू’च्या डोक्यावर आलं. ‘पेर्सॉन’ म्हणजे व्यक्ती आणि ‘कोणीही नाही’सुद्धा, त्यामागेही हीच हकिकत. आणि आपण तरी कुठे सुटलोय? ‘परवा आला’ आणि ‘परवा येईल’ यांतला ‘परवा’ एखाद्या परक्याला समजावून बघा.

फरक शेवटच्या ‘स’मध्ये आहे. ‘झां व्हू प्ल्यूस’ म्हणजे मला अजून हवंय, ‘झां व्हू प्ल्यू’ म्हणजे मला आता नको. नकारात ‘स’ कधीच ऐकू येत नाही. पण उलटं मात्र खरं नाही, आणि नेमकं इथेच सगळे घसरतात. विशेषणाच्या आधी ‘अधिक’ या अर्थीही ‘स’ गप्प असतो: ‘प्ल्यू ग्रां’ म्हणजे जास्त मोठा. पुढे स्वर आला तर त्याचा ‘झ’ होतो. त्यामुळे ‘एल ए प्ल्यू मालाद’ या वाक्याचा अर्थ ‘ती जास्त आजारी आहे’ असाही होतो आणि ‘ती आता आजारी नाही’ असाही.

यातून क्युबेकची बोली आपल्याला वाचवते. इथली माणसं नकाराच्या वेळी घरगुती बोलण्यात ‘ल’ खाऊन टाकतात आणि नुसतं ‘प्यू’ म्हणतात. ‘यां ना प्यू’, म्हणजे शिल्लक नाही. बेकरीत, देपानरमध्ये (कोपऱ्यावरचं किराणा-दूध-बिअरचं दुकान) ‘प्यू’ ऐकलंत की समजा, माल संपला. क्लासमध्ये हे सहसा शिकवत नाहीत. क्लास मात्र चुकवू नका. सरकारी ‘फ्रान्सिझास्यों केबेक’मध्ये तो फुकट मिळतो आणि नाव ऑनलाइन घालता येतं.

स्वतः बोलताना माझ्यापुरता मी हा शब्द जवळजवळ टाळते. अजून हवं असेल तर ‘आंकोर’ म्हणते, त्याचा उलटा अर्थ कोणी काढत नाही. समोरच्याचं कळलं नाही तर सरळ विचारायचं, ‘आंकोर, उ से फिनी?’ अजून आहे की संपलं? व्याकरण जेमतेमच, पण माणसं हसून नीट उत्तर देतात. जाता जाता एक: जेवणाच्या टेबलावर कोणी वाढायला आलं आणि तुम्ही नुसतं ‘मेर्सी’ म्हणालात, तर बहुतेक वेळा ते ‘नको’ समजलं जातं. मी अशी एकदा चीज-केकला मुकले आहे.

कागदावर तर ‘स’ ऐकूच येत नाही, त्यामुळे पत्रं वाचताना जास्त जपा. १ जून २०२३ पासून इथलं प्रांतिक सरकार नव्याने आलेल्यांशी पहिल्या सहा महिन्यांनंतर, काही अपवाद सोडले तर, फ्रेंचमध्येच पत्रव्यवहार करतं. त्या पत्रांत दोन शब्दप्रयोग जुळ्या भावांसारखे दिसतात. ‘प्ल्यू तार’ म्हणजे नंतर. ‘ओ प्ल्यू तार’ म्हणजे उशिरात उशिरा. ‘ओ प्ल्यू तार ल ३० आव्रिल’ असं वाचून ‘३० एप्रिलनंतर केलं तरी चालेल’ असा अर्थ लावून निवांत बसलेला माणूस आमच्याच घरात आहे. नोकरदारांसाठी ३० एप्रिल ही प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख असते, आणि क्युबेकमध्ये ती दोन भरावी लागतात, एक ओटावाला (म्हणजे केंद्राला) आणि एक प्रांताला. ‘ओ प्ल्यू तो’ आणखी चकवा देतं: पुढे तारीख असली तर ‘त्याआधी नाही’, तारीख नसली तर ‘शक्य तितक्या लवकर’.

दुकानात मात्र हा शब्द शाळेतल्यासारखाच वागतो. ‘प्ल्यूस ताक्स’ म्हणजे वर कर वेगळा. फळीवरची किंमत बहुधा कराशिवाय असते, त्यात ५ टक्के केंद्राचे आणि ९.९७५ टक्के प्रांताचे मिळवायचे. १०० डॉलरचा कोट गल्ल्यावर ११४.९८ला पडतो. पार्क-एक्समधल्या (पार्क एक्स्टेन्शन या मॉन्ट्रियलच्या वस्तीतल्या) वाणसामानाच्या दुकानात डाळ-तांदूळ-पिठावर हा कर नसतो, तेवढा दिलासा.

ऑफिसात दोन वाक्प्रचार कानावर पडतील. कोणी ‘मला थंडी आवडत नाही’ म्हणालं आणि तुम्हालाही ती आवडत नसेल, तर ‘म्वा नों प्ल्यू’ म्हणा, मलाही नाही. आपण सवयीने ‘म्वा ओसी’ (मलाही) म्हणून जातो, ते चुकतं. दुसरा ‘सां प्ल्यूस’. तुम्ही हौसेने नेलेल्या पुरणपोळीला सहकारी ‘बों, सां प्ल्यूस’ म्हणाला, तर शब्दशः ‘चांगलं, अधिक काही नाही’, म्हणजे ठीक आहे, खाल्लं. पुढच्या वेळी त्याला चकली द्या.

आणि फ्रान्सहून आलेल्या मैत्रिणीने मेसेजच्या शेवटी ‘ए+’ लिहिलं, तर तुमच्या कामाला शेरा मिळालाय असं समजून नवऱ्याला दाखवायला जाऊ नका. ते ‘आ प्ल्यूस’, म्हणजे भेटू मग.