फायबरच्या कामात नवीन आहात? आधी अंतर वाचायला शिका

आयटीआय किंवा डिप्लोमा करून फायबरच्या कामाला लागणाऱ्या मुलांना सगळ्यात आधी स्प्लायसिंग मशीनचं, म्हणजे दोन फायबर वितळवून जोडणाऱ्या यंत्राचं, आकर्षण असतं. ते लवकर जमतं. फायबर सोलणं, पुसणं, क्लीव्हरने सरळ कापणं हाताला बसलं की उरलेलं मशीन करतं. टेस्टिंगला मात्र डोकं लागतं, आणि ते शिकवायला साइटवर कुणाला सवड नसते.

सिंगल मोड फायबरला 1310 नॅनोमीटरवर किलोमीटरमागे साधारण 0.35 डीबी आणि 1550 वर 0.2 च्या आसपास लॉस (प्रकाशाची घट, ती डीबीत मोजतात) धरतात. चांगला जॉइंट 0.1 डीबीच्या आत बसतो. ओटीडीआर हे यंत्र फायबरमध्ये प्रकाश सोडतं आणि मागे परतणाऱ्या प्रकाशावरून लॉस आणि अंतर सांगतं; त्याचा आलेख म्हणजे ट्रेस. ट्रेस दोन्ही वेव्हलेंग्थवर घ्या. 1310 वर फारसं काही दिसत नाही आणि 1550 वर त्याच जागी पायरी दिसते, तर फायबर कुठेतरी जास्त वाकलंय. क्लोजर (जॉइंट ठेवायची बंद पेटी) उघडून ट्रेमधला वळसा मोकळा करून बघा, जॉइंट तोडायची घाई नको. दोन वेगळ्या ड्रमची केबल जोडली असेल तर एका टोकाने जॉइंटवर चक्क गेन, म्हणजे घटीऐवजी वाढ, दिसू शकतो. प्रकाश वाढलेला नसतो, दोन फायबर तो कमीजास्त प्रमाणात मागे परतवतात. म्हणून दोन्ही टोकांनी मोजून सरासरी काढायची.

फायबर चालू आहे का ते पॉवर मीटरने तपासल्याशिवाय ओटीडीआर जोडू नका, आणि टोकात डोळा घालून कधीही बघू नका.

सगळ्यात जास्त घोळ अंतराचा होतो. जेसीबीने केबल तोडली, ओटीडीआर 7.4 किलोमीटर दाखवतो, आणि माणसं गाडीच्या मीटरवर तेवढं मोजून खणायला लागतात. तिथे केबल धडधाकट निघते. कारण ओटीडीआर फायबरची लांबी मोजतो, रस्त्याची नाही. केबलच्या आत फायबर पिळात असल्याने ते केबलपेक्षा थोडं लांब भरतं. त्यात चेंबरमध्ये गुंडाळून ठेवलेल्या जादा केबलचे लूप धरा: 20 मीटरचे दहा लूप म्हणजे 200 मीटर, जे रस्त्यावर कुठेच नाहीत. मशीनमध्ये रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (काचेत प्रकाश किती सावकाश जातो तो आकडा) चुकीचा भरलेला असेल तर आणखी फरक. म्हणून तुटलेल्या जागेच्या सगळ्यात जवळचा ओळखीचा जॉइंट पकडा. तो 7.1 वर असेल तर उरतात 300 मीटर, त्यातून मधले लूप वजा करा आणि तिथून चालत जा.

हे जमायचं तर जॉइंट आणि लूप कुठे आहेत ते कागदावर हवं. डिप्लॉयमेंट, म्हणजे केबल टाकायचं काम, सांभाळणं म्हणजे माझ्या मते निम्म्याहून जास्त हेच. भारतनेटसारख्या सरकारी ग्रामीण फायबर योजनेच्या कामात साध्या मातीत खंदक 1.65 मीटर खोल धरतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात तेवढं जाता येत नाही, मग जीआय पाइप किंवा काँक्रीटचं संरक्षण द्यावं लागतं. असा उथळ पट्टा कुठून कुठपर्यंत आहे, हे खंदक बुजण्याआधीच ॲज-बिल्ट नकाशावर (केबल प्रत्यक्षात कशी टाकली ते दाखवणारा नकाशा) चढलं पाहिजे. पुढे रस्ता रुंद करायला कुणी आलं की केबल आधी तिथेच तुटते. केबलच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. क्लोजरमध्ये शिरणाऱ्या दोन्ही बाजूंचे आकडे वहीत उतरवा आणि जागेचा जिओटॅग फोटो घ्या. बिलाच्या गडबडीत ठेकेदार हेच आधी गाळतात.

सुरुवातीचे काही महिने वही सांभाळायचं काम मागून घ्या.