न्याहारीच्या पेजेतून दुरावलेल्या नातलगांपर्यंत

मुंबई आणि कोलकाता येथील बहुतेक चिनी घराण्यांचे मूळ दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात आहे. कोलकात्यात हाक्का, म्हणजे स्वतःची वेगळी बोली असलेला चिनी समाज, संख्येने अधिक आहेत, तर मुंबईत माझगावचे चिनी मंदिर त्याच प्रांतातील सी यूप भागातून आलेल्यांनी उभारले. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे ३,००० भारतीय चिन्यांना राजस्थानातील देवली येथील छावणीत डांबण्यात आले आणि पुढे अनेक कुटुंबे टोरांटोला निघून गेली. अशा घरात जन्मलेल्या किंवा लग्नाने आलेल्या ज्या कोणाला तिकडच्या आत्या, काका, आजी यांच्याशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करायचे असेल, त्यांनी न्याहारीचा विषय काढावा.

घराण्याचा इतिहास विचारला की वडीलधारी माणसे अनेकदा गप्प होतात, कारण त्या इतिहासाच्या वाटेवर देवलीही लागते. ती गोष्ट त्यांनी आपणहून काढेपर्यंत आपण काढू नये. त्याऐवजी पहिल्याच फोनवर नेमका आणि लहान प्रश्न विचारावा: तुमच्या आईच्या जूकमध्ये, म्हणजे तांदळाच्या पेजेत, शिते पूर्ण विरघळलेली असत की दिसत? कँटोनीज, म्हणजे ग्वांगदोंगची मुख्य बोली बोलणाऱ्या, घरांत ती मऊ होऊन पाण्याशी एकजीव झालेली असते; त्याच प्रांतातील चाओझोऊ भागाकडच्या लोकांना सुटी शिते असलेली पातळ पेज आवडते. सोबत खारवलेले अंडे होते, मुळ्याचे लोणचे होते की शेंगदाणे, आणि पिठाची तळलेली लांब कांडी घरी होत असे की दुकानातून येत असे, हेही विचारावे.

दुसऱ्या फोनच्या आधी ती पेज स्वतः शिजवावी. एक वाटी तांदूळ धुऊन निथळावा, त्याला चमचाभर तेल व चिमूटभर मीठ चोळून अर्धा तास ठेवावा आणि उकळत्या नऊ-दहा वाट्या पाण्यात सोडावा. मंद आचेवर तास-सव्वा तास ठेवून लाकडी उलथन्याने तळ अधूनमधून खरवडत राहावे, नाहीतर पेज खाली लागते आणि करपट वास सगळ्या भांड्यात उतरतो. शिते फुटून पाण्यात मिसळली की वर आल्याच्या बारीक काड्या, कांद्याची पात, पांढरी मिरपूड आणि तिळाच्या तेलाचे चार थेंब घालावेत.

व्हिडिओ कॉल भांड्यासमोर उभे राहूनच करावा. भारतात रविवारी सकाळी सात वाजतात तेव्हा टोरांटोत उन्हाळ्यात शनिवारच्या रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात, त्यामुळे वृद्ध माणसाला फार जागावे लागत नाही. कोलकात्यात राहणाऱ्यांनी हा कॉल तिरेट्टा बाजारातून करावा, कारण तेथे रविवारी पहाटे वाफाळते बाओ, म्हणजे सारण भरलेले वाफवलेले पाव, आणि माशाच्या गोळ्यांचे सूप विकले जाते, आणि तो रस्ता फोनवर पाहताना जुने शेजारी, जुनी दुकाने आपोआप बोलण्यात येतात. आजीने चूक काढली तर वाद घालू नये; तिने सांगितलेली दुरुस्ती लिहून घ्यावी आणि पुढच्या वेळी तशीच पेज करून दाखवावी.

बोलण्यात चीनमधल्या मूळ गावाचे नाव आले तर ते चिनी लिपीत लिहून त्याचा फोटो पाठवण्याची विनंती करावी. बोलीप्रमाणे उच्चार बदलत असल्याने रोमन स्पेलिंगवरून गाव क्वचितच सापडते. मूळ अक्षरे हाती असली तर नकाशावर शोध घेता येतो आणि तिकडे राहिलेल्या भावकीला पत्रही लिहिता येते.