लुसिटानियाचं मेडल हातात आलं तर ते कसं बघायचं

जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात कधीकधी बुडत्या बोटीचं एक मेडल दिसतं, साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास, जर्मन अक्षरं, आणि विकणारा सांगतो की १९१५चं ओरिजिनल जर्मन आहे. पैसे काढायच्या आधी बोटीच्या खालची तारीख बघा. महिन्याच्या नावात शेवटचं अक्षर आय असेल तर स्पेलिंग जर्मन, वाय असेल तर सरळ ब्रिटिश कॉपी. लोहचुंबकावर भरवसा नको, ब्रिटिश कॉपी लोखंडाची असते हे खरं, पण जर्मनीतही नंतर लोखंडात काढली होती.

आता तारखेतला आकडा बघा, ५ का ७. लुसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडाली ७ मे १९१५ला, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि जवळपास १२०० माणसं गेली. म्युनिकच्या कार्ल गोएट्झने हे मेडल स्वतःहून काढलं, सरकारने सांगितलं म्हणून नाही, आणि तारीख चुकून ५ टाकली. त्याचा राग बोटीच्या मालक कुनार्ड कंपनीवर होता, की युद्धाचा माल भरलेल्या बोटीची तिकिटं विकलीच कशी. म्हणून एका बाजूला डेकवर तोफा आणि विमान (हे खोटं, तोफा बसवलेल्याच नव्हत्या, काडतुसं मात्र खरंच होती) आणि दुसऱ्या बाजूला तिकिटाच्या खिडकीत हाडांचा सापळा, वर लिहिलंय धंदा सगळ्याच्या वर. ही बाजू नीट बघा, रांगेतला एकजण पाणबुडीच्या धोक्याची बातमी असलेला पेपर धरून उभा आहे, मला तर तो माणूस बघून दरवेळी कसंतरी होतं.

पण खरा प्रचार पुढे झाला. ब्रिटिशांनी त्याच मेडलच्या अंदाजे ३ लाख कॉप्या काढल्या, डब्यात इंग्रजी पत्रक घालून एक शिलिंगला विकल्या, पैसे रेड क्रॉसला आणि युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांना. सांगितलं काय, तर बघा, जर्मन लोक मेलेल्या बायकामुलांचा आनंद साजरा करतायत, आणि तारीख दोन दिवस आधीची म्हणजे सगळं आधीच ठरलेलं! गोएट्झने नंतर ७ केलं, तोपर्यंत ५ तारीख जगभर गेली होती.

त्यामुळे कॉपी निघाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, डबा आणि पत्रक सोबत असेल तर तिघंही एकत्रच ठेवा. आणि प्लीज, घासून चकचकीत करू नका, अक्षरांच्या कडा झिजतात आणि मग आय होता का वाय हेच कळत नाही.