रक्ती हगवणीवर नवं औषध शोधताना: हळद अर्काची पहिली चाळणी

विटा परिसरातल्या पोल्ट्री शेडमध्ये गादी (जमिनीवर अंथरलेला भुसा) ओली राहिली की रक्ती हगवण डोकं वर काढते. तिच्यामागे असतो आयमेरिया हा एकपेशी परजीवी. विष्ठेतून पडणारी त्याची ऊसिस्ट, म्हणजे अंड्यासारखी कवचबंद रूपं, लगेच बाधत नाहीत. ऊब, ओल आणि ऑक्सिजन मिळाला की दोन-तीन दिवसांत आत चार स्पोरोसिस्ट (छोट्या कोशिका) तयार होतात आणि मगच ती पिल्लांना बाधतात. हे पिकणं अर्काने थांबतं का, ही सर्वांत स्वस्त पहिली चाळणी. सांगलीत हळद हाताशी आहे, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ.

कोंबड्यांना औषध सुरू होण्याआधीची ताजी विष्ठा घ्या, डबा काठोकाठ भरा, 4 अंशांवर ठेवा आणि त्याच दिवशी काम उरका. उशीर झाला तर ऊसिस्ट वाटेतच पिकतात. दहापट पाण्यात कालवून मलमलीतून गाळा, सेंट्रिफ्यूज करा, खालचा गाळ मिठाच्या संपृक्त द्रावणात (लिटरला सुमारे 360 ग्रॅम) तरंगवा. वरचा थर काढून पाण्याने तीनदा धुवा. मीठ राहिलं तर ऊसिस्ट आक्रसतात.

मॅकमास्टर चेंबरवर (मोजणीसाठी रेघा आखलेली काचपट्टी) मोजून मिलीलीटरला 10,000 ऊसिस्ट ठेवा. 24 खणांच्या प्लेटमध्ये अर्धा मिलीलीटर हे ऊसिस्टचं पाणी आणि अर्धा मिलीलीटर अर्क. मिसळल्यावर 5, 2.5 आणि 1.25 मिलिग्रॅम प्रति मिलीलीटर उरेल असा दुप्पट तीव्र अर्क बनवा, प्रत्येक मात्रेला तीन खण. हळदीतला पिवळा घटक कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ हा द्रावक वापरा, पण शेवटी 1 टक्क्यापेक्षा जास्त नको. तळाशी पिवळे कण बसले तर कागदावरची मात्रा प्रत्यक्षात नाही, हे समजा.

सगळा निकाल तुलनेच्या खणांवर उभा आहे. एकात नुसतं 1 टक्का डीएमएसओ, दुसऱ्यात 2.5 टक्के पोटॅशियम डायक्रोमेट. डायक्रोमेट जंतू रोखतं, पण अर्कात मिसळू नका, ते अर्कातल्या घटकांशीच अभिक्रिया करतं. ते कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, सिंकमध्ये ओतू नका. नक्की मारणारा नमुना म्हणून अमोनिया वेगळ्या बंद डिशमध्ये ठेवा, त्याच प्लेटमध्ये ठेवला तर वाफ शेजारचे खणही मारते.

बीओडी इन्क्युबेटरमध्ये (तापमान स्थिर ठेवणारी पेटी) 28 अंशांवर 72 तास ठेवा, झाकण सैल, दिवसातून दोनदा हलवा. एप्रिलमधल्या सांगलीच्या खोलीत हे करू नका. जास्त उष्णतेनेही पिकणं थांबतं. सर्वांत फसवणारी चूक मात्र वेगळी: अर्कात जंतू वाढले की ते ऑक्सिजन खातात, ऊसिस्ट पिकत नाहीत आणि अर्क गुणकारी भासतो. म्हणून सर्व खणांत सारखंच पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घाला. वास आलेला खण मोजू नका.

400 पट मोठं करून प्रत्येक खणातली 100 ऊसिस्ट मोजा. डीएमएसओमध्ये 80 पिकली, अर्कात 20, तर रोध 75 टक्के. डीएमएसओमध्येच 70 च्या खाली पिकली असतील तर पूर्ण प्लेट टाकून द्या.

पिकणं थांबलं म्हणजे औषध सापडलं असं नाही. अर्क निव्वळ जंतुनाशकही असू शकतो. रोग घडतो आतड्याच्या पेशींत, आणि या रोगावरचं औषध अँप्रोलियम काम करतं तेही तिथेच, थायमिनची (जीवनसत्त्व बी-1) नक्कल करून. पुढची पायरी म्हणजे पेशीसंवर्धनात (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत) स्पोरोझॉइट, म्हणजे ऊसिस्टमधून बाहेर पडणारे परजीवी, आत शिरतात का ते पाहणं, सोबत पेशींवरची विषारीता. ती सोय नसेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या परजीवीशास्त्र विभागाला विचारा. पिल्लांवरची चाचणी प्राणी-नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करू नका.